७१ टक्के सूट, ९३ रुपये फायदा

नवरात्र जवळ आलं की आमच्या हापिसात काम कमी आणि 'अरे हे बघ' जास्त चालतं. सेल लागलेला असतो. परवा शेजारच्या डेस्कवरच्या मित्राने मोबाईल नाकासमोर धरला. ड्रिल मशीन, सोबत १०० नगांचा किट, वर लाल अक्षरात ७५ टक्के सूट आणि खाली उलटी मोजणी करणारं घड्याळ. म्हटलं, "भोक कुठे पाडणारेस?" तर म्हणतो, "लागेल रे कधीतरी. पण डील बघ ना!"

मी गप्प बसलो, कारण गेल्या वर्षी मीही हेच केलं होतं. फरक इतकाच की त्याचं मशीन कपाटात धूळ खाईल, माझ्यामुळे एका पोराच्या गालावर टाके पडले. आज त्याचाच हिशोब मांडतोय.

माझे मामा जालन्यात फॅब्रिकेशनचं काम करतात. मंठा चौफुलीच्या बाजूला पत्र्याचं शेड आहे. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे, शेतातल्या गोठ्याचे अँगल, असं सगळं. हाताखाली दोन पोरं. मी इंजिनिअर झालो त्यात या शेडचा वाटा आहे, पहिल्या वर्षाची फी मामांनी भरली होती. तेव्हा पगार हातात आल्यापासून दरवर्षी खंडेनवमीला त्यांच्यासाठी काहीतरी न्यायचं असं ठरवलेलं. (खंडेनवमीला आम्ही हापिसात लॅपटॉपला कुंकू लावतो आणि फोटो टाकतो. मामांच्या शेडमध्ये वेल्डिंग मशीन, ड्रिल, ग्राइंडर, हातोडा, सगळं धुऊनपुसून ओळीनं मांडतात, झेंडू वाहतात आणि त्या दिवशी खरोखर कशालाही हात लावत नाहीत.)

गेल्या वर्षी मी चार इंची ग्राइंडर घेतला. एमआरपी ६,४९९. सेलची किंमत १,८९९. म्हणजे ७१ टक्के सूट! सोबत २५ कटिंग व्हीलचा पुडाही घेतला, तोही जवळपास फुकटात. ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर खोकं मांडीवर घेऊन बसलो होतो.

मामांनी खोकं उघडलं, मशीन हातात तोललं आणि विचारलं, "कितीला पडलं?"

"साडेसहा हजाराचं आहे मामा, एकोणीसशेला मिळालं."

मामा म्हणाले, "साडेसहा हजाराला हे कुणी घेतलंय का आजपातुर?"

मी हसलो. त्यांना ऑनलाइनचं काय कळतंय, असा चेहरा केला असणार. खरं म्हणजे या विषयावर मी पुढे जे काही वाचलं, त्याचं सार त्या एका वाक्यात होतं.

एमआरपी म्हणजे काय? सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत. १९९० पर्यंत कंपन्यांना 'स्थानिक कर वेगळे' असं छापायची मुभा होती आणि दुकानदार त्या कराच्या नावाखाली वाटेल ते उकळायचे. म्हणून १९९० मध्ये नियम बदलून सगळे कर धरून एकच आकडा छापणं सक्तीचं झालं. आज हा नियम २०११ च्या वैधमापन नियमांमध्ये आहे. हेतू चांगला होता, ग्राहकाला यापेक्षा जास्त कुणी मागू नये. पण नियम फक्त एवढंच सांगतो की छापील किमतीच्या वर विकू नका. ती छापील किंमत किती असावी, याबद्दल यात काही नाही. ती वस्तू बनवणारा किंवा आयात करणारा स्वतःच ठरवतो. १,८९९ ला विकायच्या मशीनवर ६,४९९ छापलं तर नियम मोडत नाही. उलट सुटीचा आकडा फुगतो आणि तुम्हीआम्ही तोच आकडा मित्राच्या नाकासमोर धरतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर एमआरपी हे त्या विक्रेत्यानेच लिहिलेलं इनपुट आहे. सूट हे त्यावरून काढलेलं आउटपुट. इनपुट वाटेल ते टाकता येत असेल तर आउटपुटला काय अर्थ उरला? एखाद्या ज्युनिअरने असा कोड लिहिला तर आपण त्याला रिव्ह्यूमध्ये धुऊन काढू. पण सेलमध्ये आपण तोच आकडा बघून कार्ड काढतो.

युरोपात हा खेळ ओळखून नियम केलाय. मे २०२२ पासून युरोपियन युनियनमध्ये सूट जाहीर करायची तर मागच्या किमान ३० दिवसांतली त्या दुकानातली सगळ्यात कमी किंमत 'आधीची किंमत' म्हणून दाखवावी लागते. म्हणजे मामांचाच प्रश्न, कायद्याच्या भाषेत. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन फसव्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार नोंदवलेत आणि खोटी घाई लावणं हा त्यातला पहिलाच. 'फक्त दोनच उरले', 'संपायला १० मिनिटं' वगैरे. पण ६,४९९ चा आकडा खोडलेला दाखवून खाली १,८९९ लिहिणं बिनदिक्कत चालू आहे.

आता गंमत बघा. ज्या जालन्यात मी हे खोकं घेऊन उतरलो, ते गाव सळईचं आणि बियाण्यांचं. औद्योगिक वसाहतीत भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं, त्याची सळई होते आणि ती राज्यभरच्या बांधकामांवर जाते. तिथे कुणी 'सळईवर ६० टक्के सूट' असा बोर्ड लावलेला पाहिलाय का? रोजचा भाव असतो, टनावर. घासाघीस होते ती किलोमागे पैशांची. माल घेणाऱ्याला भाव ठाऊक असतो, त्यामुळे विकणाऱ्याला टक्केवारीचा तमाशा करता येत नाही.

दुसरं बियाणं. महिको ही कंपनी १९६४ साली जालन्यातच सुरू झाली. पुढे २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. त्या बियाण्याची कमाल किंमत २०१६ पासून केंद्र सरकार ठरवून देतं, तेव्हा बीजी-२ च्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाला ८०० रुपये ठरली होती. म्हणजे इथे एमआरपी खरी आहे. आणि नेमकं इथेच काय होतं? जून उजाडला, पाऊस पडला, एखाद्या वाणाला मागणी आली की छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मोजावे लागल्याच्या तक्रारी सुरू. नाहीतर 'हे पाकीट पाहिजे तर सोबत ते खत घ्या'. शेतकऱ्याला खऱ्या एमआरपीच्या वर पैसे द्यावे लागतात आणि आपण खोट्या एमआरपीच्या ७१ टक्के खाली घेतल्याचा आनंद साजरा करतो. च्यायला, जो आकडा ग्राहकाला वाचवायला आणला होता तो गरजवंताला वाचवत नाही आणि हौशी माणसाला चढवतो.

असो. गोष्ट पुढे सांगतो.

जानेवारीत मामांचा फोन आला. हाताखालचा पोरगा, वय एकोणीस, अँगल कापत होता. कटिंग व्हील फुटलं. एक तुकडा गालात घुसला, डोळ्याच्या दोन बोटं खाली. चार टाके. गॉगल होता म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं ते लिहवत नाही.

मी पुढच्या शनिवारी जालन्याला गेलो. पुड्यात उरलेली व्हीलं हातात घेतली. मधल्या लोखंडी रिंगवर बारीक अक्षरात महिना आणि साल ठोकलेलं होतं. मला तोवर ते बनवल्याची तारीख वाटायची. ती वापरायची शेवटची तारीख असते! ही व्हीलं म्हणजे घासणाऱ्या कणांना रेझिनने चिकटवून, जाळी घालून केलेली चकती. रेझिन हवेतली ओल धरतं, कालांतराने कमजोर होतं, म्हणून अशा व्हीलांचं आयुष्य साधारण तीन वर्षांचं धरतात. माझ्या पुड्यावरची तारीख सेलच्या आधीच दीड वर्षापूर्वी उलटून गेली होती. गोदामात पडलेला माल 'जवळपास फुकटात' का होता, ते तेव्हा कळलं.

वाटेल त्याला की व्हील फुटलं तर एवढं काय? चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे मारतो. १०० मिलिमीटरच्या चकतीचा घेर ३१४ मिलिमीटर. गुणाकार करून बघा, कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. त्या वेगाने सुटलेला तुकडा चेहऱ्यापासून दोन फुटांवरून येतो.

दोष सगळा व्हीलचाच होता असं म्हणणार नाही. त्या मशीनचा गार्ड काढून ठेवलेला होता. मामांनी स्वतःच सांगितलं, "कोपऱ्यात शिरत नाही म्हून काढतात पोरं. माझंबी चुकलं." खरं आहे. जालन्यातच नव्हे, पुण्यातल्या कुठल्याही साइटवर जाऊन बघा, अर्ध्या ग्राइंडरना गार्ड नसतो. पण तारीख उलटलेलं व्हील त्या शेडमध्ये मीच आणलं होतं, आणि वर 'डील' म्हणून फुशारकी मारली होती.

होळीच्या सुमारास मशीनही गेलं. आधी ठिणग्या वाढल्या. मामांना वाटलं कार्बन संपले. (अशा मशीनच्या मोटरमध्ये दोन कार्बन ब्रश असतात. फिरत्या आर्मेचरला घासून वीज पोचवतात आणि झिजतात. ते बदलणं हे पेनात रिफिल टाकण्यासारखं काम, खर्चही किरकोळ.) पण त्या मापाचे कार्बन अख्ख्या गावात मिळेनात. दुसरे घासून घासून बसवले, तर पंधरा दिवसांत आर्मेचर जळालं. वायंडिंगवाला म्हणाला, भरून देतो, पण त्या पैशात नवीन मशीन येईल. कागदावर वॉरंटी होती. फोन लावला तर सर्व्हिस सेंटर दुसऱ्या राज्यात, मशीन आपल्या खर्चाने पाठवायचं, आणि कधी परत येईल ते सांगता येत नाही. ज्याची रोजची भाकरी त्या मशीनवर आहे त्याने महिनाभर काय करायचं?

मामांनी नेहमीच्या हार्डवेअरच्या दुकानातून नावाजलेल्या कंपनीचा ग्राइंडर आणला. छापील किंमत ३,१९०. त्यांना २,३५० ला पडला, पक्क्या बिलासकट. मी जिद्दीने म्हटलं, तरी माझं साडेचारशेनं स्वस्त होतं! मामांनी पाटी-पेन्सिल काढली नाही, पण मी घरी येऊन एक्सेल उघडलं.

पॉवर टूलवर १८ टक्के जीएसटी असतो आणि तो किमतीत धरलेला असतो. मामांकडे जीएसटी नंबर आहे, कारण बिल्डर बिलाशिवाय काम देत नाहीत. त्यांच्या २,३५० मध्ये कर ३५८ रुपये. तो त्यांना त्यांच्या विक्रीवरच्या करातून वजा करून मिळतो. म्हणजे मशीन खरं पडलं १,९९२ ला. मी माझ्या नावावर, जीएसटी नंबर न टाकता घेतलेलं पडलं १,८९९ ला. फरक ९३ रुपये. एकाहत्तर टक्क्यांची सूट कापत कापत गेली ती त्र्याण्णव रुपयांवर येऊन थांबली. त्यात चार टाके आणि पंधरा दिवस अर्धवट चाललेलं काम धरलेलंच नाही.

(आता कुणी म्हणेल, ऑनलाइनही नंबर टाकून बिल घेता येतं. येतं की. मग टाका. पण किती जणांना हे सुचतं? आपण कूपन शोधायला अर्धा तास घालवतो आणि बिलावर नाव कुणाचं ते बघत नाही.)

एमआरपी हा एकच फुगवलेला आकडा नाही. बॅटरीवरची मशीनं बघा. एकावर १८ व्होल्ट, दुसऱ्यावर २० व्होल्ट मॅक्स, तिसऱ्यावर २१ व्होल्ट. कुठलं दणकट? तिन्हीत सहसा एकामागे एक जोडलेले पाच लिथियम सेल असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, भार नसताना साधारण ४, पूर्ण चार्ज केल्या केल्या ४.२. पाचाने गुणा, १८, २० आणि २१. आकडे तीन, बॅटरी तीच! बाजारात तर ४८ आणि ८८ लिहिलेल्या बॅटऱ्याही मिळतात, ज्या उघडल्या तर आत तेच पाच सेल निघतात. आपण इंजिनिअर ना? मग मोठा आकडा बघून भुलायचं कशाला? व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा, वॅट-तास निघतील. १८ व्होल्ट, २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॅट-तास. तुलना त्याची करा. आणि एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही हेही लक्षात ठेवा. स्वस्त मशीन विकून पुढची दहा वर्षं महाग बॅटऱ्या विकायची ही जुनी युक्ती आहे.

यावर 'म्हणजे लोकल दुकानदार साधू का?' असा प्रश्न येणार. मुळीच नाही. डुप्लिकेट कार्बन आणि डुप्लिकेट बेअरिंग काउंटरवरच मिळतात. 'बिल नको असेल तर १८ टक्के कमी करतो' ही तर हार्डवेअर लाइनमधली सगळ्यात लोकप्रिय सूट. ती घेतली की वॉरंटी गेली, कराचं क्रेडिट गेलं, आणि उद्या मशीन चोरीचं निघालं तर तुमच्याकडे दाखवायला कागद नाही. सूट दुकानात मिळो नाहीतर मोबाईलवर, कुठल्या आकड्यावर मिळते आणि बदल्यात काय जातंय, हे विचारलंच पाहिजे. फरक एवढाच की मामांच्या दुकानदाराला मामा पुढच्या आठवड्यात परत भेटणार असतात.

आणि शेवटी आपल्याबद्दल, म्हणजे हिंजवडी-खराडीच्या फ्लॅटवाल्यांबद्दल. अमेरिकेतली होम डेपो ही घरदुरुस्तीच्या सामानाची अवाढव्य दुकानं चालवणारी कंपनी २००६ मध्ये चीनमध्ये गेली आणि २०१२ मध्ये उरलेली सातही मोठी दुकानं बंद करून परत आली. तिथल्या शहरातल्या लोकांनी घरं घेतली, पण काम स्वतः करायचं नव्हतं, माणूस बोलवायचा होता. आपलंही तेच आहे. टीव्हीचा ब्रॅकेट, पडद्याचा रॉड, दोन फोटो फ्रेम, एवढी आपली गरज. नवीन टॉवरमध्ये मिवान पद्धतीच्या भिंती, म्हणजे विटा नाहीत, सगळं काँक्रीट. त्यात ते ७५ टक्के सुटीतलं ड्रिल घालून बघा. किंचाळतं, धूर काढतं, भोक अर्धा इंच! साध्या ड्रिलमधली 'हॅमर' सोय म्हणजे दातेरी चकत्या एकमेकींवर घासून केलेली थरथर. काँक्रीटला रोटरी हॅमर लागतो, ज्यात हवेच्या दाबाने खरा ठोका बसतो. तो महाग असतो आणि वर्षातून एकदा लागतो. मग अख्ख्या सोसायटीत मिळून एक चांगला घ्या ना! ऐंशी फ्लॅट, ऐंशी रडकी ड्रिलं कशाला? नाहीतर सरळ सुताराला बोलवा आणि त्याच्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नका. त्याचं मशीन त्याने पूर्ण किमतीला घेतलेलं असतं.

मी आता चारच गोष्टी बघतो. सूट न बघता हातात पडणारी किंमत, तीही दोन-तीन दुकानांत विचारून. माझ्या गावात त्याचे कार्बन मिळतात का. सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे. आणि व्हील असेल तर रिंगवरची तारीख. या चारातली एकही गोष्ट सेलच्या पानावर मोठ्या अक्षरात नसते.

यंदाही खंडेनवमीला जालन्याला गेलो होतो. या वेळी त्याच हार्डवेअरच्या दुकानातून सहा गॉगल आणि दहा कटिंग व्हील घेतली, तारीख बघून, पक्क्या बिलावर. दुकानदाराने एक रुपया सोडला नाही. शेडमध्ये हत्यारं ओळीनं मांडलेली, नव्या ग्राइंडरला गार्ड बसवलेला, त्यावर झेंडूचं फूल. माझा ग्राइंडर मागे भंगाराच्या ढिगात होता. तो पोरगा हळद-कुंकू लावत होता. गालावरची रेघ अजून दिसते.

माझ्या हातातली व्हीलं त्याने घेतली. मी काही बोलायच्या आत एक उलटं करून रिंगवरची तारीख वाचली आणि मगच फळीवर ठेवलं.